ऑगस्टात ग्रीसमध्ये शिडाची बोट : सिक्लाडीज की आयोनियन? आणि रात्री नांगर कुठे?

अर्धवट_खलाशी | १४ मार्च, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

आम्ही म्युनिकमधली दोन मराठी कुटुंबं. चार मोठे, दोन पोरं (९ आणि १२). ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आठवडाभर बारा मीटरची शिडाची बोट भाड्याने घेऊन ग्रीसची बेटं फिरायचा बेत आहे. कप्तान मीच. जर्मन सागरी परवाना गेल्या वर्षी काढला, इथल्या श्टार्नबर्ग तळ्यावर दोन उन्हाळे शीड हाताळलंय आणि क्रोएशियात एक आठवडा दुसऱ्याच्या बोटीवर दोर ओढलेत. बायको म्हणते, तळ्यातला बेडूक समुद्रावर निघालाय.

शनिवारी अथेन्सहून निघायचं, मिकोनोस, पारोस, जमलं तर सँटोरिनी, आणि शुक्रवारी संध्याकाळी परत अथेन्स, असं डोक्यात आहे. शीड चालवायची भीती वाटत नाही. रात्रीची वाटते. बोट रात्रभर नांगरावर उभी करून खाली झोपायचं म्हणजे नक्की काय करायचं? कोणी केलंय का?

फुकटफौजदार | १४ मार्च, रात्री १०:३२

सँटोरिनीला निळ्या घुमटासमोर फोटोच काढायचा असेल तर विमान स्वस्त पडेल. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

इथाकाची_वाट | १५ मार्च, दुपारी १:०५

आम्ही दोघं लंडनहून गेले सात-आठ उन्हाळे आयोनियनला बोट घेतो, त्याआधी एकदा सिक्लाडीज, म्हणजे एजियन समुद्रातली तुमची मिकोनोस-पारोसची बेटं, केलंय. त्या एकदाच्या बळावर सांगते, तुमचा बेत बदला.

एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वाहतो. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही, आणि वारा ६-७ बोफर्ट, म्हणजे २२ ते ३३ नॉट (ताशी सागरी मैल). एकदा लागला की तीन-चार दिवस हटत नाही, कधी आठवडाभरही. अथेन्सहून निघताना तो पाठीवर असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण फार मोठे दर्यावर्दी आहोत असं वाटतं. मग लक्षात येतं की परतायचं आहे. सँटोरिनी ते अथेन्स जवळपास १२५ सागरी मैल, आणि सगळे वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची बोट वाऱ्यात सरळ घुसत नाही, नागमोडी जावं लागतं, म्हणजे अंतर दीडपट धरा. आखूड, उभ्या लाटा, खाली दोन पोरं ओकतायत, आणि शुक्रवारी संध्याकाळी बोट परत द्यायची आहे.

सँटोरिनीचं आणखी एक. ते बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड. आतल्या पाण्याची खोली साडेतीनशे मीटरच्या पुढे जाते. नांगर टाकणार कशात? दक्षिणेला व्लिहाडा नावाची छोटी मरीना आहे, तिच्या तोंडाशी वाळू साचते. जागा मिळाली तर नशीब.

वर तुम्ही विचारलंय रात्रीचं. बेटाच्या दक्षिणेला गेलं की उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल असं नकाशा बघून वाटतं. लाटांपासून मिळतो. वारा मात्र डोंगर चढून पलीकडे घसरत खाली येतो आणि समुद्रावर होता त्याहून जोरात खाडीत आदळतो. त्या एका सफरीत आम्ही दोन रात्री आळीपाळीने जागून काढल्या.

आयोनियन म्हणजे ग्रीसची पश्चिम बाजू. लेफकाडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया. तिथे सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी एक-दोनला वायव्येचा माइस्त्रो उठतो, १५-२० नॉटपर्यंत जातो आणि सूर्य कलला की बहुतेक दिवशी पडतो. दोन मुक्कामांत १०-१५ मैल. पोरांसाठी तेच बरं.

मांडवा_मेल | १५ मार्च, संध्याकाळी ७:४०

ताईंशी सहमत. मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, आता अलिबागला असतो. भूमध्य समुद्र मोठ्या जहाजावरून पुष्कळ पाहिला, छोट्या बोटीवरून एकदाच.

मेल्तेमीबद्दल एक गंमत आपल्या लोकांसाठी. उन्हाळ्यात राजस्थान-सिंधकडे जो उष्ण न्यून दाब तयार होतो, त्याचा पट्टा इराणवरून थेट तुर्कस्तानापर्यंत जातो. बाल्कनवर जास्त दाब, तुर्कस्तानवर कमी, त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या एजियनमधून वारा दक्षिणेकडे पळतो. म्हणजे ज्या न्यून दाबाने आपला पाऊस ओढून आणला, त्याचंच पश्चिमेकडचं टोक तिकडे शिडं फाडतं. आपल्या होड्या १ जूनला किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. तिकडे त्याच महिन्यांत पर्यटनाचा हंगाम.

नावंही एकाच जातीची. प्राचीन ग्रीक या वाऱ्यांना इटेशियन म्हणत, 'एतोस' म्हणजे वर्ष, दरवर्षी येणारे. आपलं मोसमी अरबीतल्या 'मौसिम'वरून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात डेमोस्थेनिसने अथेन्सकरांना भाषणात बजावलं होतं, की मॅसिडोनियाचा फिलिप हे वारे बघून हल्ल्याची वेळ साधतो, तेव्हा आपलं आरमार उत्तरेला पोचूच शकत नाही. अख्खं आरमार अडलं तिथे तू शुक्रवार गाठणार?

अर्धवट_खलाशी | १५ मार्च, रात्री ९:१५

काका, दंडवत. सिक्लाडीज रद्द. बायकोला डेमोस्थेनिसचा परिच्छेद वाचून दाखवला, ती म्हणाली मी हेच सांगत होते.

आता नांगर.

सागरगोटा | १६ मार्च, सकाळी ८:५०

थोडा वेगळा सूर लावतो. सिक्लाडीजला इतकं घाबरवू नका. आम्ही तिघं मित्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लाव्रियोहून निघून केआ, किथनोस, सिफनोस करून आलो. वारा होता, पण झेपणारा. बेटं रखरखीत, सुंदर, आणि आयोनियनसारखी इंग्रज ताफ्यांची गर्दी नाही. दिवस राखून ठेवा आणि वाटेत अडकायची तयारी ठेवा, एवढंच.

इथाकाची_वाट | १६ मार्च, सकाळी ११:२०

जून, तीन मित्र, पोरं नाहीत. मान्यच आहे हो. यांचा ऑगस्ट आहे, शिवाय तारीख बांधलेली आहे.

मांडवा_मेल | १६ मार्च, दुपारी ४:१०

नांगराबद्दल. नवशिक्याला वाटतं नांगर जड असतो म्हणून बोट थांबते. तसं नाही. नांगर आडवा ओढला गेला तर तळात रुततो, वर ओढला गेला तर निघतो. तो आडवा ओढला जावा म्हणून साखळी सोडायची. पाण्याची खोली अधिक नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची, गुणिले पाच. सहा मीटर पाणी, सव्वा मीटर नाळ, म्हणजे साधारण ३६ मीटर. तिप्पट सोडून लोक जेवायला बसतात, वारा आला की तिप्पट पुरत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, हे डोक्यात ठेव. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, ते वजन तळावर पडलेलं हवं. लॉकरमध्ये त्याचा काय उपयोग?

एक सोय आहे. आपल्याकडे मुंबई बंदरात उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, तिथे ओहोटीला नांगर टाकणाऱ्याला भरतीचा हिशेब धरावा लागतो. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी वीतभर. इटलीतली मेसिनाची सामुद्रधुनी किंवा ग्रीसमधल्या एव्रिपोससारख्या चिंचोळ्या जागा सोडल्या तर विसरून जा.

आणि बोट ताब्यात घेताना साखळीवरच्या रंगाच्या खुणा किती-किती मीटरवर आहेत ते विचारून घे. जहाजावर साखळी 'शॅकल'मध्ये मोजतात, साडेसत्तावीस मीटरचं एक शॅकल ठरलेलं असतं, खुणाही ठरलेल्या. भाड्याच्या बोटींवर ज्याच्या हाती डबा आला त्याने रंग मारलेला असतो.

इथाकाची_वाट | १६ मार्च, रात्री १०:००

काकांनी हिशेब सांगितला, मी हात-पायाचं सांगते. खाडीत शिरल्यावर आधी एक फेरी मारायची, बाकीच्या बोटी कशा उभ्या आहेत ते बघायचं. फिकट निळं दिसतं ती वाळू, गडद दिसतं ते गवत किंवा खडक. नांगर वाळूत. वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबू द्यायची, नांगर तळाला टेकवायचा, मग मागे सरकत साखळी पसरायची. ढीग करायचा नाही. सगळी सोडून झाली की रिव्हर्समध्ये हळूहळू इंजिन वाढवायचं आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, समजा झाड आणि त्यामागचं घर, एका रेषेत धरून बघत राहायचं. रेषा मोडली म्हणजे नांगर घसरतोय. उचला, पुन्हा टाका. चार वेळा लागलं तरी लाजायचं नाही, सगळी खाडी वाइनचा ग्लास धरून बघत असते, बघू दे. मग मास्क लावून पाण्यात उडी मारायची आणि नांगर डोळ्यांनी बघून यायचं. मला रात्री झोप लागते ती या उडीमुळे.

गावाच्या धक्क्याला लागायचं तर वेगळा प्रकार. जागा कमी म्हणून बोट आडवी लावत नाहीत. धक्क्यापासून तीन-चार बोटलांब्या अंतरावर नांगर टाकायचा आणि साखळी सोडत उलटं धक्क्याकडे यायचं. आधी वाऱ्याच्या बाजूचा मागचा दोर बांधायचा, मग दुसरा, मग पुढून साखळी ताणायची. आडवा वारा असला की इथेच नवरा-बायकोची भांडणं होतात. आरडाओरडा नको म्हणून आम्ही हाताच्या खुणा ठरवल्यात. मूठ म्हणजे थांब. बाकीच्या खुणा इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पालेभाजी | १७ मार्च, सकाळी ९:३०

मस्त धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध प्रश्न, शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे?

इथाकाची_वाट | १७ मार्च, दुपारी १२:४५

उत्तम होतं. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले घेवड्याचे मोठे पांढरे दाणे, आपल्या पावट्याचा थोरला भाऊ. शिवाय फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा), पालक भरलेला पाय (pie), फेटा चीज घातलेलं सॅलड. बोटीवर भाजणी, पोहे, मेतकूट न्या. उलटीसाठी आवळासुपारी आणि आलेपाक.

पाणी मात्र जपून. टाकीत तीन-चारशे लिटर असतं आणि सहाजण आंघोळीला लागले की दोन दिवसांत खडखडाट. समुद्रात डुंबायचं, शेवटी तांब्याभर गोडं पाणी अंगावर. भांडीही आधी समुद्राच्या पाण्याने विसळायची.

बार्सिलोनाकर | १७ मार्च, रात्री ११:२०

गवताबद्दल थोडी भर. ताईंनी गडद दिसतं ते गवत म्हटलं, ते बहुतेक पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, मुळं-फुलं असलेली खरी वनस्पती, तिची ही जात फक्त भूमध्य समुद्रात सापडते. वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर पसरते. नांगर तिच्यात नीट रुतत नाही, आणि रुतला तर उचलताना मुळासकट गालिचा उपटून येतो, तो भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. स्पेनच्या इबिझा-फोर्मेन्तेरा बेटांच्या मधली कुरणं १९९९ पासून जागतिक वारशात आहेत. तिथल्या बालेआरिक बेटांवर २०१८ पासून पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी आहे, गस्तीची बोट येऊन वाळूवर सरका म्हणते. माझ्याकडे आली होती. मी पूर्ण वाळूवर होतो, साखळीचं मधलं वीसेक फूट गवतावर लोळत होतं, तेही चालत नाही. काब्रेरा राष्ट्रीय उद्यानात तर आधी परवानगी काढून तिथल्या तरंगत्या बोयालाच बांधायचं.

फुकटफौजदार | १८ मार्च, सकाळी ७:१५

गवताची काळजी घ्या, बोटीची देव घेईल. ती अब्जाधीशाची बोट सिसिलीला नांगरावरच बुडाली ना?

मांडवा_मेल | १८ मार्च, सकाळी १०:०५

हो, बायेझियन. १९ ऑगस्ट २०२४ ची पहाट, पोर्तिचेलोच्या समोर. ५६ मीटरची बोट, २२ माणसं, त्यातली ७ गेली. त्याआधी दोन वर्षं, १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी कॉर्सिकाच्या पश्चिम किनाऱ्यावर वादळी पट्टा आला, झोत ताशी २२० किलोमीटरच्या वर मोजले गेले, नांगरावरच्या कितीतरी बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या.

थट्टेचा विषय नाही, आणि घाबरून घरी बसायचाही नाही. ऑगस्टच्या मध्यात समुद्र तापलेला असतो, वर गार हवा सरकली की रात्री-पहाटे गडगडाट. हवामानाच्या ॲपमध्ये बाण बघतोस तसे विजाही बघ. विजा मुख्य भूमीवर दिसत असतील तर त्या रात्री चारी बाजूंनी बंद, चिखलाचा तळ असलेली जागा धर. तिकडे लेफकाडावर निद्री गावाच्या आत व्लिहोची खाडी आहे, तळ चांगला चिकट आहे. ग्रीसच्या तटरक्षकांचा नंबर १०८, रेडिओवर व्हीएचएफ चॅनल १६ चालू ठेव. सप्टेंबर सुरक्षित असंही समजू नकोस, २०२० च्या सप्टेंबरात यानोस नावाचं चक्रीवादळ याच केफालोनिया-इथाकावर आलं होतं.

अर्धवट_खलाशी | २० मार्च, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. लेफकाडाहून बोट ठरवली. सोबतच्या मित्राने 'मला बोटीचा अनुभव आहे' असं लिहून सही केली आहे. तिथे कप्तानाशिवाय दुसरं जाणतं माणूस कागदावर लागतं. त्याचा अनुभव म्हणजे एका तलावातली पॅडलची होडी. आल्यावर लिहितोच.

टोपण_नाव_सुचेना | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

धागा वर काढतोय. बेडूक परत आला का?

अर्धवट_खलाशी | २३ ऑगस्ट, रात्री ११:४५

आलो. सगळे धडधाकट. मोठा प्रतिसाद आहे.

पहिला दिवस लेफकाडाचा कालवा उतरून मेगानिसीला. एका खानावळीच्या स्वतःच्या धक्क्याला लागलो, जेवलात की मुक्काम फुकट. दुसऱ्या दिवशी इथाकावर किओनी. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुपारी दोनच्या आत पोचलो, तरी दोनच जागा उरल्या होत्या. नांगर टाकला, उलटे आलो, माझी मोठी मुलगी नाळेवर साखळी मोजत होती. ओरडली, "बाबा, आठ खुणा गेल्या!" मी म्हटलं, नीट मोज, आठ म्हणजे ८० मीटर, आपल्याकडे साखळीच ६० मीटर आहे. ती म्हणाली, मी नीटच मोजल्यात. मी म्हटलं, बरं बरं.

ही ओळ लक्षात ठेवा.

सकाळी नऊला शेजारच्या बोटीची साखळी आमच्या साखळीवर निघाली. ताई, तुम्ही याबद्दल बोलला नव्हतात! आमचा नांगर वर आला तो दुसऱ्याची साखळी कवेत घेऊन. एक म्हातारा फ्रेंच माणूस रबरी होडीतून आला, त्या साखळीखालून दोर ओवून आमच्या बोटीला बांधला, मला म्हणाला आता तुझा नांगर खाली सोड. सोडला, तो सुटा झाला. मग दोराचं एक टोक सोडून दिलं, त्यांची साखळी खाली. पाच मिनिटांचं काम. पैसे नाही, धन्यवाद नाही, हात हलवून गेला.

फिस्कार्डो फार आवडलं. १९५३ च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ सगळं पडलं, हे गाव वाचलं, म्हणून व्हेनिसच्या काळची घरं अजून उभी आहेत. धक्क्यावर जागा नव्हती, खाडीच्या उत्तरेच्या बाजूला नांगर टाकून मागचा लांब दोर खडकाला बांधला. दोर घेऊन पोहत जायचं काम पोरांनी केलं, त्यांना त्या आठवड्यातलं सगळ्यात जास्त तेच आठवतंय.

मग अतोकोस. निर्मनुष्य बेट, पूर्वेकडच्या खाडीत एकच घर, किनाऱ्यावर डुकरं. पाणी असं की आठ मीटरवरचा नांगर डेकवरून दिसतो. पाच खुणा सोडल्या, म्हणजे ५० मीटर, काकांच्या हिशेबापेक्षा जास्तच. उडी मारून पाहिलं, छान रुतलेला. झोपलो.

रात्री सव्वादोनला मोबाइलचा अलार्म, बोट जागेवरून सरकली की वाजणारा. वर आलो तर मुख्य भूमीवर विजा, वारा पूर्वेचा, थेट खाडीच्या तोंडातून आत, आणि घर जिथे असायला हवं तिथे नव्हतं. आडवेच किनाऱ्याकडे चाललो होतो. मित्राने इंजिन सुरू केलं (पॅडलवाला, शाबास त्याची), बायकोने पोरांना जॅकेटं चढवली, मी साखळी गोळा केली. नांगर नुसता तळावरून घसपटत होता. बाहेर मोकळ्या पाण्यात पडलो आणि उजाडेपर्यंत घिरट्या घातल्या. वारा तासाभरात पडला, माझे हात नाही.

लेफकाडाला परत आल्यावर मुलीने हट्टाने साखळी धक्क्यावर ओढून काढायला लावली आणि बोटीच्या लांबीशी मोजली. खुणा दर पाच मीटरवर होत्या.

म्हणजे अतोकोसला आठ मीटर पाण्यात आमचे ५० नव्हे, २५ मीटर होते. जेमतेम तिप्पट. किओनीच्या आठ खुणा म्हणजे बरोबर ४० मीटर. पोरगी सोमवारी बरोबर होती.

इथाकाची_वाट | २४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

वाचताना पोटात गोळा आला. साखळ्यांच्या गुंत्याचं राहूनच गेलं, चूक माझी. पण अलार्म लावला होतात आणि किनाऱ्यापाशी झटापट न करता बाहेर पडलात, हे पहिल्याच वर्षी सुचलं ते कमी नाही. पूर्वेला उघडी खाडी मात्र विजांच्या अंदाजाच्या रात्री नको होती. अंदाज बघितला होता?

अर्धवट_खलाशी | २४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

वाऱ्याचे बाण बघितले होते. विजांचं पान उघडलं नाही.

फुकटफौजदार | २४ ऑगस्ट, सकाळी ९:५२

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. चांगलं लिहिलंयस रे. मुलीला सदस्यत्व द्या.

मांडवा_मेल | २४ ऑगस्ट, दुपारी १२:२०

मार्चमध्ये खुणा विचारून घे म्हटलं होतं. असो, आता आयुष्यभर विचारशील.

एक सांग. साखळी सगळी बाहेर काढलीत ना धक्क्यावर? मग तिचं आतलं टोक बोटीला कशाने बांधलं होतं? दोराने असलं तर ठीक, अडचणीत सुरीने कापून साखळी सोडून निघता येतं. लोखंडी शॅकलने (कडीने) घट्ट केलेलं असलं तर अतोकोसला नांगर खडकात अडकल्यावर तू काय केलं असतंस? आणि नुसतंच मोकळं असलं तर एखाद्या दिवशी सगळी साखळी नांगरासकट तळाला.

अर्धवट_खलाशी | २४ ऑगस्ट, दुपारी १२:४१

काका, नाही पाहिलं. थांबा, मुलीला विचारतो.

अर्धवट_खलाशी | २४ ऑगस्ट, दुपारी १२:४४

दोर होता म्हणते. निळा.